बंदराची वाट घाटावर जाते

मुंबईहून संध्याकाळी सुटलेले जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला लागते. चहाचा पेला हातात घेऊन डेकवर उभे राहिले, की एका अंगाला झुआरीचे रुंद मुख दिसते आणि दुसऱ्या अंगाला धक्क्यावरच्या क्रेन, कोळसा आणि मालगाडीचे डबे. बहुतेक प्रवासी नदीच्या बाजूला गर्दी करतात. मी आणि माझी मोठी बहीण, माई, डब्यांच्या बाजूला उभ्या होतो. ते डबे ज्या घाटाने वर जातात, तो घाट आम्हाला चढायचा होता.

जानेवारीचा शेवट होता. बरोबरचे लोक कलंगुटला, ओल्ड गोव्याला, मंगेशीला जाणार होते. आम्ही जोयड्याला निघालो आहोत म्हटल्यावर शेजारच्या खोलीतल्या काकांनी दोनदा नाव विचारले. त्यांचे चुकले नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा तालुका गोव्याच्या अगदी पाठीशी आहे, पण गोव्याला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. क्षेत्रफळ १,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आसपास. बाकी सगळे जंगल, नदी आणि धरणाचे पाणी.

जहाजाने येणाऱ्याला बंदर दिसते, त्याची पाठ दिसत नाही. मुरगावची पाठ जोयड्यात आहे. हे बंदर आज जसे आहे तसे झाले ते आगगाडीमुळे, आणि ती आगगाडी घाट चढून ब्रिटिश हद्दीत शिरायची ती जोयड्यातल्या कॅसलरॉकला. म्हणून ज्यांना जहाज एका दिवसासाठी मुरगावला सोडते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही मुरगावलाच सामानासकट उतरलो होतो, त्यामुळे आमच्याकडे दोन दिवस होते. ज्यांना त्याच संध्याकाळी परत जहाज गाठायचे आहे त्यांनी कुठवर जावे, तेही वाटेत सांगतेच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. रात्रभर जहाजावर झोपलेल्या माणसाला जमिनीवर उतरल्यावर काही वेळ जमीन डुलते आहे असे वाटते. त्यात लगेच घाटाची वळणे. माईला फोंड्यापर्यंतच गरगरायला लागले. जहाजावरची न्याहारी भरपूर असते, पण ती अर्ध्या पोटीच करावी, गाडीत पुढे बसावे, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ आलेपाक किंवा आवळासुपारी असू द्यावी. आमच्या गाडीवानाने मोलेच्या अलीकडे गाडी थांबवून माईला मीठ घातलेले लिंबूपाणी आणून दिले. त्याने ती सावरली.

फोंडा, उसगाव, धारबांदोडा ही गावे मागे पडतात. खाणीचा लाल रंग रस्त्याकडेच्या पानांवर अजून दिसतो. मोलेला भगवान महावीर अभयारण्य सुरू होते आणि हवा एकदम गार होते. इथवर गोवा, पुढे अनमोडचा घाट.

या घाटाने मिठाचे बैल वर चढायचे. गोव्यात मिठागरे, वर पठारावर मीठ नाही, त्यामुळे शतकानुशतके मीठ वर जायचे आणि धान्य खाली यायचे. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला. गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचा ताबा आला, त्याबदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये मिळायचे ठरले आणि दोन्ही मुलखांमधली जकातीची भिंत पडली. याच करारातून मुरगाव बंदराची आणि रेल्वेची योजना पुढे आली. १८८१ मध्ये लंडनच्या भांडवलावर वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी उभी राहिली. भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती, म्हणून नावात गॅरंटीड. १८८८ पर्यंत मुरगावपासून घाटमाथ्यापर्यंत रूळ पडले आणि कॅसलरॉकला ते सदर्न मराठा रेल्वेला मिळाले. करार १८९२ मध्ये संपला, जकात पुन्हा आली, गोव्याच्या मिठागरांचे व्हायचे ते नुकसान झालेच होते. रूळ मात्र राहिले.

पण या डोंगरवाटांनी मिठाच्या कराराच्याही आधी, आणि रुळांच्या कितीतरी आधी, माणसे वर गेली. पोर्तुगीज जहाजांनी पूर्व आफ्रिकेतून, मोझांबिकच्या बाजूने, माणसे गुलाम म्हणून गोव्याच्या बंदरांत उतरवली. त्यातले जे निसटले ते घाट चढून या जंगलात शिरले. त्यांचे वंशज म्हणजे सिद्दी. यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांत त्यांची मोठी वस्ती आहे, जोयड्यातही काही घरे आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही आहेत, घरात कोकणी बोलतात, बाहेर कन्नड आणि मराठी. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. समुद्रावरून आलेल्या प्रवाशांत हेही होते, आणि त्यांना परतीचे तिकीट नव्हते. आरामात चढताना, खिडकीतून दरी बघताना, हे माझ्या मनातून जाईना.

जोयड्यातले कुणबीही सांगतात की त्यांचे पूर्वज गोव्यातून वर आले. धर्म बाटू नये म्हणून देव पाटीत घालून रात्रीत डोंगर चढले, अशी आठवण घराघरांत आहे. गोव्यात देवळे पाडली जात असतानाच्या काळाशी ती जुळते.

घाटमाथ्यावर अनमोडला नाका लागतो आणि इथे पर्यटकांची हमखास फजिती होते. गोव्यात दारू स्वस्त, म्हणून लोक गाडीत बाटल्या टाकतात. राज्याची हद्द ओलांडून ती परवान्याशिवाय नेणे गुन्हा आहे आणि अबकारी खात्याचे लोक डिकी उघडून बघतात. आमच्या पुढच्या गाडीतली मंडळी तिथे पाऊण तास अडकली. जहाज गाठायचे असेल तर हा पाऊण तास फार महाग पडतो. काहीही बरोबर घेऊ नका.

अनमोडहून कॅसलरॉकचा रस्ता मुख्य रस्ता सोडून जंगलात शिरतो. मोबाइलची रेंज इथे जाते, त्यामुळे घरी किंवा जहाजावर जे कळवायचे ते अनमोडलाच कळवावे. नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्यावा.

कॅसलरॉक हे नाव किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या कातळावरून पडले. गाव लहान. रेल्वेच्या चाळी, एक-दोन दुकाने, शाळा, आणि गावाच्या मानाने फारच मोठे स्टेशन. हे स्टेशन इतके मोठे का, याचे उत्तर इतिहासात आहे. हे दोन साम्राज्यांच्या सीमेवरचे ठाणे होते. मुरगावच्या धक्क्यावर उतरलेला माणूस आगगाडीत बसला की खाली कुळेला पोर्तुगीज त्याचे सामान तपासायचे आणि वर कॅसलरॉकला ब्रिटिश. वरून बंदराकडे माल जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्लारीकडच्या संडूर संस्थानातले मँगनीज मुरगावहून परदेशी जाऊ लागले, तेही याच रुळांवरून.

स्वातंत्र्यानंतर इथली सीमा आणखी कडक झाली. १९५५ च्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही ठिकठिकाणांहून गोव्यात शिरले, त्यातली एक वाट कॅसलरॉकची होती. महाराष्ट्रातून गेलेल्यांची संख्या मोठी होती. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगिजांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी भारताने नाकेबंदी केली आणि घाटातून जाणारी आगगाडी थांबली. ती पुन्हा सुरू झाली ती गोवा मुक्त झाल्यावर. फलाटावर उभे राहून बोगद्यांच्या दिशेने पाहताना मी माईला हे सांगत होते. आमच्या वडिलांचे एक मित्र त्या सत्याग्रहात होते, लहानपणी त्यांच्याकडून आम्ही फक्त पायाला झालेल्या फोडांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. माई बराच वेळ काही बोलली नाही.

मग एक मालगाडी आली आणि आम्ही पाऊण तास तिथेच बसलो. कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा घाट, पोर्तुगालच्या राजघराण्यावरून त्याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढ ३७ ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावर हा चढ काहीच नाही. पण लोखंडावर लोखंड चालताना इतक्या चढाला गाडी मागून ढकलावी लागते. म्हणून कुळेहून निघणाऱ्या गाड्यांना मागेही इंजिने जोडतात. उतरताना प्रश्न उलटा. प्रत्येक गाडी कॅसलरॉकला थांबते, तिचे ब्रेक तपासले जातात आणि मगच ती सुटते. वाटेत गाडी हाताबाहेर गेलीच, तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवायला वेगळे रूळ टाकलेले आहेत. एक कर्मचारी हातात हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालत गेला, वाकून प्रत्येक चाकाजवळ काहीतरी पाहत होता. शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन परत आला तेव्हा त्याचा सदरा पाठीवर भिजला होता. त्याने हात वर केला, तेव्हा कुठे गाडी हलली.

याच घाटात दूधसागर आहे, ३१० मीटरचा. समाजमाध्यमांवरची छायाचित्रे पाहून कितीतरी तरुण कॅसलरॉकहून रुळांवरून चालत तिकडे निघतात. हे करू नका. रुळावरून चालायला बंदी आहे, बोगद्यात गाडी आली तर उभे राहायला जागा नसते, आणि २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वे सुरक्षा दलाने शेकडोंना परत पाठवले ते उगाच नाही. दूधसागर पाहायचाच असेल तर पावसाळा संपल्यावर गोव्याच्या बाजूने, कुळेहून वनखात्याच्या परवानगीच्या जीपने जावे. पण मग त्या दिवसात कॅसलरॉक जमणार नाही. एका दिवसात एकच.

या घाटाच्या पोटात आणखी एक भांडण चालू आहे आणि जहाजाच्या डेकवरून दिसणाऱ्या कोळशाशी त्याचा थेट संबंध आहे. मुरगावला परदेशी कोळसा उतरतो आणि बल्लारीच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. तो जास्त नेता यावा म्हणून या घाटात दुसरा रूळमार्ग टाकायची योजना आली. गोव्यात २०२० मध्ये 'आमचें मोलें' नावाने तिच्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, विद्यार्थी, चित्रकार, वकील, गावकरी सगळे तिच्यात होते. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्या जंगलात कॅसलरॉकचेच नाव मिळालेला एक लहानसा निशाचर बेडूक २००५ मध्ये, म्हणजे अगदी परवा, शास्त्राला नव्याने कळला, ते जंगल आपल्याला अजून पुरते माहीतही नाही. इंद्रनील दास आणि आपल्याकडचे कृष्णमेघ कुंटे यांनी त्याचे वर्णन केले. लॅटिन नावातही त्यांनी कातळ ठेवला आहे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा ठिकाणी आणखी काय काय दडले असेल.

ज्यांना जहाज गाठायचे आहे त्यांनी इथून परत फिरावे. पुढचा मोह करू नये. पण निघण्यापूर्वी एखाद्या वाडीवर जेवायला जमले तर जरूर जेवावे. ते आधी कळवून ठरवावे लागते. ऐनवेळी कोणाच्या दारात उभे राहून जेवण मागणे बरे नव्हे, कारण इथे घरात असते ते मोजकेच असते. गाडीवानाच्या ओळखीने आमचे जेवण एका कुणबी घरी ठरले होते.

घर कौलारू, भिंती मातीच्या, अंगण शेणाने सारवलेले आणि इतके स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात हेच आम्हाला कळेना. मावशींनी हाताने दाखवले. ओसरीच्या कोपऱ्यात एक कंद ठेवला होता. मी तो सुरण समजले. उचलायला गेले तर दोन्ही हात लागले. तो मुडली निघाला. मुडली म्हणजे अळूच्या जातीचा मोठा कंद, जोयड्याच्या कुणब्यांचा खास. घराजवळच्या जमिनीत हे कंद लावतात आणि हिवाळ्यात काढतात. एकेक कंद काही किलोंचा भरतो आणि नीट ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. भाताचे कोठार रिकामे झाल्यावर पावसाळ्यापर्यंत घर तगते ते यावर.

मावशींनी विळीवर मुडली कापायला घेतली तेव्हा आधी हाताला खोबरेल लावले. अळूसारखीच ती खाजते. साल जाड काढली, फोडी पाण्यात टाकल्या, आणि शिजताना भरपूर सोले घातली. आंबट घातले नाही तर घसा धरतो. वाटणात ओले खोबरे, मिरची आणि त्रिफळे. त्रिफळाचा वास आल्यावर माई म्हणाली, "हे तर आपल्या आजीच्या घरचे." आमची आजी वेंगुर्ल्याची. मावशींना ते ऐकून फार बरे वाटले, वाटीभर आणखी वाढले. फोडी बटाट्यासारख्या मऊ होत नाहीत, दाताखाली थोड्या चिवट लागतात आणि मग विरघळतात. बरोबर उकडा भात, भाजलेले करांदे आणि एका द्रोणात तांबूस रंगाची आंबट-तिखट चटणी. झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची ती चटणी होती. माईने खाल्ली नाही, मी खाल्ली. लिंबाच्या सालीसारखा आंबटपणा होता तिचा. ताप-खोकल्याला ती औषध मानतात.

मावशींचे यजमान ओसरीवर बसून बोलत होते. त्यांची बोली कोकणी, पण आमच्याशी मराठीत बोलत होते. या भागात जुनी माणसे मराठी शाळांत शिकली. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता, तो १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. सुपा, हल्याळ, कारवार ही नावे सीमावादाच्या कागदांत आपण वाचतो, पण तिथल्या ओसरीवर बसल्यावर भाषेचा प्रश्न वेगळाच दिसतो. त्यांच्या नातवाला शाळेत कन्नड, घरी कोकणी, देवाची भजने मराठीत, आणि दूरचित्रवाणीवर हिंदी. त्यातल्या कशाचीच त्याला अडचण वाटत नव्हती. आजोबांना वाईट वाटत होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. पूर्वी डोंगरउतारावर कुमरी करायचे, म्हणजे झाडोरा तोडून, जाळून, तिथे नाचणी पेरायची आणि काही वर्षांनी जागा बदलायची. इंग्रजांच्या वनखात्याने ते बंद केले. आता जंगल व्याघ्रप्रकल्पाचे आहे. दांडेलीचे अभयारण्य आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये तो झाला आणि २०१५ पासून त्याचे नाव काळी व्याघ्रप्रकल्प. वाघ राहावा हे त्यांनाही मान्य आहे, देवराईत ते वाघाला पूजतात. पण रस्ता, दिवा, दवाखाना मागितला की जंगलाचे कारण पुढे येते, असे ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली आणि तिने मला थक्क केले. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्याच्या कुणब्यांची तीच मागणी अनेक वर्षांपासून आहे आणि कर्नाटकात त्यांना तो नाही. आडनावे तीच, देव तेच, मुली इकडून तिकडे दिलेल्या. घाटाखालची बहीण जमातीत आणि घाटावरचा भाऊ नाही. पोर्तुगीज गेले तरी त्यांनी आखलेली रेघ कुटुंबाच्या मधून जातेच आहे.

वाडीवर जाणाऱ्यांना विनंती. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारा, विशेषतः बायकांचे. देवराईत चपला घालून शिरू नका, तिथली काडीही उचलू नका. मुलांना चॉकलेटे वाटू नका, त्यांची वेष्टने पुढे जंगलातच राहतात. पैसे घराच्या मालकिणीच्या हातात द्या आणि ते सुटे असू द्या. कंद, मध, कोकम विकत घ्यायचे असेल तर इथूनच घ्या. जानेवारीत आलात तर जोयडा गावात कंदांचा मेळा भरतो, त्याला गड्डे-गेणसू मेळा म्हणतात. रानातले आणि परसातले कितीतरी प्रकारचे कंद एका ठिकाणी पाहायला मिळतात. आमचा तो काही दिवसांनी हुकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रामनगर, जगलबेट करत जोयड्याकडे निघालो. रामनगर हे नवे गाव आहे. काळी नदीवर गणेशगुडीला सुपा धरण झाले, १०१ मीटर उंचीचे, आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे नावच तेव्हा सुपा होते. उठलेल्या माणसांतली बरीचशी रामनगरला वसवली, कचेरी जोयड्याला आली. रामनगरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ जुन्या सुप्याच्या बाजाराबद्दल सांगत होते. दोन नद्यांच्या संगमावरचे गाव, आठवड्याचा बाजार, देऊळ. त्यांनी बोटाने टेबलावर पाण्याने रस्ता काढून दाखवला, इथे दुकाने, इथे शाळा, इथून घाट. चहा येईपर्यंत तो नकाशा वाळून गेला होता.

काळी नदी जोयडा तालुक्यातच, डिग्गीच्या डोंगरात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. एवढ्याशा नदीवर सुप्याखाली बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणे आहेत आणि कद्र्याच्या काठी कैग्याचा अणुप्रकल्प. कर्नाटकाच्या शहरांना ही नदी दिवे पुरवते. तिच्या उगमाजवळच्या वाड्यांवर मात्र वीज फार उशिरा पोचली.

कुंभारवाड्याहून एक फाटा उळवीला जातो. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या उलथापालथीनंतर चन्नबसवण्णा लिंगायत शरणांना घेऊन या जंगलात आले आणि इथेच त्यांची समाधी झाली. माघात जत्रा भरते आणि धारवाड-बेळगावकडून सजवलेल्या बैलगाड्या येतात. आश्रय शोधत डोंगरात शिरलेली ही आणखी काही माणसे, फक्त ती समुद्राकडून आली नव्हती, पठाराकडून आली होती. आम्हाला वेळ नव्हता, फाट्यावरूनच हात जोडले.

अणशी घाट उतरताना उजेड कमी झाला होता. रस्त्याच्या कडेला उंबरावर धनेशाची जोडी बसली होती, ती उडाली तेव्हा पंखांचा आवाज इतका मोठा होता की गाडीवानाने काच खाली घेतली. इथे गाडीतून उतरू नये, भोंगा वाजवू नये, अंधार पडण्याआधी घाट ओलांडावा. कद्र्यानंतर नदी रुंद होते, नारळ दिसू लागतात आणि सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्र पुन्हा समोर येतो. १८८३ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर इथे आले होते. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. चांदण्या रात्री नावेतून ते याच काळीवरून वर गेले होते, त्याची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. माई आणि मी किनाऱ्यावर बसलो तेव्हा क्षितिजावर एका जहाजाचे दिवे उत्तरेकडे सरकत होते.

जहाजाने मुरगावला एका दिवसासाठी उतरणाऱ्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान यावे. पावसाळ्यात अनमोडला दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होऊ शकतो. ओळखपत्र आणि जहाजाचे कार्ड खिशात ठेवावे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत, पाणी आपले घ्यावे आणि रिकामी बाटली परत आणावी. मुरगावहून अनमोड अडीच तास धरावे, येताना फोंड्याची गर्दी धरून तीन. सुटण्याच्या बऱ्याच आधी जहाजाचा जिना बंद होतो. सायंकाळी सहाला सुटणारे जहाज असेल तर दुपारी एकला कॅसलरॉक सोडावे.